गावात ऐंशी टक्के मतदान होतं ते कशामुळे?

दुपारचे साडेतीन वाजले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतली दुसरीची खोली, भिंतीवर बाराखडी, कोपऱ्यात एकावर एक रचलेली बाकं, आणि माझ्या मांडीवर आमच्या प्रभागाची मतदार यादी. तारीख १५ जानेवारी २०२१, निवडणूक ग्रामपंचायतीची, आणि मी एका पॅनेलचा पोलिंग एजंट. काम तसं बिनडोक. अधिकाऱ्यानं नाव पुकारलं की यादीत ते शोधायचं, पट्टी ठेवायची, लाल रेघ ओढायची. यादीत ३५२ नावं. साडेतीनला रेघ नसलेली नावं उरली होती ६१.

करोनाचे दिवस, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडाला मास्क नाहीतर रुमाल. तरी सकाळपासून एकही माणूस ओळखायला अडचण आली नव्हती. चालीवरून, खोकल्यावरून, सोबत कोण आलंय त्यावरून कळत होतं. त्या ६१ जणांतला कोण कुठे आहे हे मला ठाऊक होतं, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या विरोधी पॅनेलच्या एजंटलाही. आतून बाहेर निरोप पाठवायचा नसतो, फोन न्यायचा नसतो. निरोप कसा जातो ते इथे लिहीत नाही, पण जातो. दहा मिनिटांत एक बोलेरो मळ्याकडे सुटली आणि दोन मोटरसायकली तांड्याकडे.

त्या दिवशी राज्यात १२ हजार ७११ ग्रामपंचायतींत मतदान झालं आणि टक्का ७९ च्या आसपास निघाला. आता दुसरं टोक बघा. २०२४ च्या विधानसभेला मुंबईतल्या कुलाबा मतदारसंघात जेमतेम ४४ टक्के मतदान झालं. त्याच दिवशी कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीरला ते ८५ च्या जवळ गेलं. असे आकडे आले की दुसऱ्या दिवशी ठरलेला अग्रलेख येतो: खेड्यातला माणूस जागरूक, शहरातला सुशिक्षित आळशी. मला हे कधीच पटलेलं नाही. त्या खोलीत दहा तास बसल्यावर तर अजिबातच नाही. जागरूकता असेलही, पण ६१ चा आकडा खाली आणला तो बोलेरोनं.

टक्का कशाचा?

आधी भागाकार. मतदानाचा टक्का म्हणजे पडलेली मतं भागिले यादीतली नावं. गावात राहणाऱ्या माणसांशी त्याचा थेट संबंध नाही, यादीशी आहे. आणि यादी कधीच ताजी नसते.

आमच्या ३५२ नावांत ९ जण मयत होते. त्यातल्या एका आजोबांच्या दहाव्याला मी स्वतः जेवलो होतो, त्याला चार वर्षं झाली होती. ११ लेकी सासरी गेलेल्या, नावं माहेरीच. म्हणजे मत देऊ शकतील अशी खरी नावं ३३२. नाव कमी करायला अर्ज लागतो, आणि गावात असा अर्ज कोण करणार? ज्यानं केला त्यानं ‘आमच्या घराचं मत कापलं’ असा बोभाटा होतो, अगदी मयताच्या बाबतीतसुद्धा. म्हणून सगळे गप्प बसतात आणि मयत माणसं यादीत जगत राहतात.

शहरात हीच अडचण कितीतरी मोठी. भाडेकरू अकरा महिन्यांचा करार संपला की हलतो, नाव जुन्या पत्त्यावर राहतं. जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की अख्खा मजला विखुरतो, यादीत मात्र तो तसाच उभा. शिवाय आणखी एक गोष्ट: भोसरीत किंवा घाटकोपरला वीस वर्षं राहणारा आपला माणूस कित्येकदा नाव गावाकडेच ठेवतो, आणि काहींची तर दोन्हीकडे असतात. तो गावाला जाऊन मत देतो तेव्हा गावाचा टक्का चढतो. शहरात नाव असून जात नाही तेव्हा शहराचा उतरतो. माणूस तोच, जागरूकता तीच. तेव्हा ४४ आणि ८५ शेजारी ठेवून लगेच दोन स्वभाव काढू नयेत. फरक खरा आहेच, पण त्यातला काही भाग यादीनं केलेला आहे.

तीनशे मतांचं जग

उरलेला फरक समजायला मतदारसंघाचा आकार बघावा लागतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवर ठरतात, कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १७. दीड हजार वस्तीच्या गावाला सात सदस्य मिळतात आणि गावाचे तीन प्रभाग पडतात. एका प्रभागात पाचशे माणसं, त्यांत मतदार साडेतीनशेच्या घरात. विधानसभेच्या एका मतदारसंघात सव्वातीन लाखांहून जास्त मतदार असतात, लोकसभेच्या सुमारे १९ लाख.

मोठ्या निवडणुकीतही कधी कधी काठावर निकाल लागतो. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी जिंकले. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा फरक १६२ मतांचा होता. पण तिथे अशा निकालाची बातमी होते. प्रभागात चार-सहा मतांचा फरक म्हणजे रोजचं. समसमान पडली तर चिठ्ठी टाकतात, आणि एखाद्या लहान पोरानं उचललेल्या कागदावर पाच वर्षांचा सदस्य ठरतो.

अभ्यासक यावरून म्हणतात की मत निर्णायक ठरण्याची शक्यता जितकी जास्त तितका माणूस मतदानाला जाण्याचा संभव जास्त. म्हणणं बरोबर आहे, पण गावात शक्यता कोणी मोजत नाही, घरं मोजतात. उमेदवाराकडे दोनशेपानी वही असते. एकेका घराला एकेक ओळ, पुढे मतं किती, आणि तीन खुणांपैकी एक: आपलं, त्यांचं, कुंपणावरचं. शेवटचे आठ दिवस सगळी धावपळ त्या कुंपणावरच्या पंचवीस-तीस मतांसाठी. मुंबईतल्या मतदाराकडे निवडणुकीत एखादा पत्रक टाकून जातो. गावातल्या कुंपणावरच्या घरी उमेदवार स्वतः चारदा येतो, एकदा त्याची आई येते, एकदा मेहुणा. एवढं झाल्यावर घरात बसून राहायला फार धीटपणा लागतो.

पैशाचंही सांगून टाकतो. १४ व्या वित्त आयोगाचा निधी २०१५ ते २०२० या काळात थेट ग्रामपंचायतींना मिळाला. १५ व्या आयोगात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि १०-१० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली. गटार कोणत्या आळीत, पाण्याची टाकी कोणाच्या वस्तीवर, घरकुलाच्या यादीत नाव वर की खाली, हे सगळं गावात ठरायला लागलं की निवडणुकीला धार येणारच.

कोयता आणि मतदान

आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की कोयती निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हिशेब तसाच चालतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत उसाचा फड सोडता येत नाही. आणि २०२१ ची निवडणूक आली नेमकी जानेवारीच्या मध्यात, गाळप भरात असताना.

आमच्या प्रभागातली ३८ मतं तेव्हा फडावर होती. ३८ मतं म्हणजे निकाल. दोन्ही पॅनेलची माणसं आठवडाभर आधी फोनवर. कारखान्याचं नाव काय, अड्डा कुठे, मुकादम कोण, तो सोडतो का. मुकादम म्हणणार, दोन दिवसांची तोड बुडते, गाडी रिकामी उभी राहते, त्याचं काय? मग बोलणी. जायची-यायची गाडी, वाटेतलं जेवण, बुडालेल्या मजुरीची भरपाई. मतदारांची अशी फुकट ने-आण केली तर लोकसभा-विधानसभेच्या कायद्यात ते भ्रष्ट आचरण धरतात. गावात तिला सोय म्हणतात.

१४ तारखेला रात्री अकराच्या सुमारास एक पिकअप गावात आली. हौद्यात गोधड्या गुंडाळून बसलेली बाया-माणसं, दोन लेकरं झोपलेली, एका बाईच्या हाताला चिंधी बांधलेली. सकाळी साडेसातला मशीन सुरू झालं तेव्हा रांगेत पहिली तीच होती. दहाला गाडी परत. त्या बाईनं मत दिलं याचा आनंद मानायचा की १२ तासांसाठी तिला तीनशे किलोमीटर हलवलं याची लाज वाटायची, मला अजून ठरवता आलेलं नाही. पण आमच्या टक्क्यात ती आहे. राज्याच्या ७९ मध्येही आहे.

आमच्या प्रभागात तीन जागा होत्या, म्हणून प्रत्येकाला तीन मतं. म्हाताऱ्या बायका एक बटण दाबून वळायच्या, मशीन वाजायचं नाही. मग अधिकारी पडद्याबाहेरून ओरडायचे, ‘मावशी, अजून दोन राहिली!’ मावशी विचारायच्या, ‘ती कुणाला देऊ?’ सगळी खोली खाली मान घालून हसायची. आणि दोघं एजंट मावशींच्या तोंडाकडे बघायचे.

गाव कोणाचं?

टक्क्याचं झालं. आता कल. ‘हे गाव अमक्या पक्षाचं’ असं आपण सहज बोलून जातो. पत्रकार बोलतात, आमदारही बोलतात. ग्रामपंचायतीच्या बाबतीत हे वाक्य तपासायची सोयच नाही, कारण तिथे पक्षाची चिन्हं नसतात. राज्य निवडणूक आयोग कपबशी, छत्री, शिट्टी अशी मुक्त चिन्हं देतो. लढतात ती पॅनेलं, आणि पॅनेलला नाव बहुधा ग्रामदैवताचं. भैरवनाथाच्या गावात ‘भैरवनाथ ग्रामविकास’ असतं. समोरच्यांची पंचाईत होऊ नये म्हणून ते ‘भैरवनाथ परिवर्तन’ होतात. देव दोन्हीकडे.

१८ जानेवारी २०२१ ला निकाल लागले आणि त्या संध्याकाळी राज्यातल्या मोठ्या पक्षांमध्ये ‘आम्हीच नंबर एक’ची शर्यत लागली. त्या पत्रकार परिषदा ऐकताना मला गंमत वाटत होती. आमचं जिंकलेलं पॅनेल दोन पक्षांच्या यादीत असणार याची खात्री होती, कारण त्यात दोन्ही पक्षांची माणसं होती. एकाच पक्षाच्या दोन गटांनी आमनेसामने पॅनेल टाकलं तर? कोणीही जिंको, पक्ष जिंकला. असा दावा खोटा पाडता येत नाही म्हणून तर तो इतक्या मोठ्यानं करता येतो.

त्या वर्षी तर आणखी गोंधळ होता. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. २०२१ ला सदस्यांतून सरपंच होणार होता, आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत ठेवली होती मतदानानंतर. म्हणजे पद महिलेला की पुरुषाला, खुल्याला की राखीव, हे ठाऊक नसताना लोकांनी सदस्य निवडले. दरवेळी ‘सरपंच कोण होणार’ यावर जी मतं फिरायची, ती त्या वर्षी भावकीवर आणि आळीवर जास्त गेली, असं निदान आमच्याकडे दिसलं. नियम बदलला की कल बदलल्यासारखा दिसतो, माणसं तीच असून.

आमच्या शेजारचे आबा घ्या. लोकसभेला त्यांनी एका पक्षाला मत दिलं आणि उघड सांगितलं. विधानसभेला दुसऱ्याला दिलं, कारण त्या आमदाराच्या माणसानं त्यांच्या सुनेला दवाखान्यात खाट मिळवून दिली होती. सोसायटीच्या निवडणुकीत ते तिसऱ्याच गटात, कारण कर्ज तिथून मिळतं. ग्रामपंचायतीला चौथीकडे, कारण उमेदवार चुलतभावाचा मुलगा. बाहेरचा म्हणेल, या माणसाला काही तत्त्वच नाही. मला तसं वाटत नाही. चार निवडणुकांत चार वेगळे प्रश्न विचारले होते आणि आबांनी प्रत्येकाचं वेगळं उत्तर दिलं. कांद्याचा भाव, निर्यातबंदी, आरक्षण हे दिल्ली-मुंबईचे प्रश्न. अडल्या-नडल्याला फोन कोण उचलतो हा आमदाराचा. आणि नळाला पाणी आधी कोणत्या आळीत सुटतं हा ग्रामपंचायतीचा. एका मोजपट्टीनं चारही मोजायला गेलं की गाव लबाड दिसतं.

यातच एक सापळा आहे, त्यात शिकलेले लोकही पडतात. समजा एका गावात ६० टक्के घरं एका जातीची आहेत आणि एका पक्षाला तिथे ६० टक्के मतं पडली. लगेच निष्कर्ष: त्या जातीनं त्या पक्षाला एकगठ्ठा मतदान केलं. पण हे ६० ते ६० असायलाच हवेत असं कुठे आहे? मोठ्या जातीतली निम्मीच मतं त्या पक्षाला पडली आणि उरलेल्या ४० टक्क्यांतली तीन चतुर्थांश पडली, तरी बेरीज ३० अधिक ३० म्हणजे ६० च येते. एकूण आकड्यावरून आतल्या माणसाचं मत कळत नाही. टीव्हीवरची निम्मी निवडणूक-चर्चा एवढ्या एका चुकीवर उभी असते.

गुप्त मतदान, पण कितपत?

गुजरातेत गीरच्या जंगलात बाणेज नावाची जागा आहे. तिथल्या मंदिरातल्या एका महंतांसाठी निवडणूक आयोग वर्षानुवर्षं वेगळं केंद्र उभारत आला. अधिकारी, पोलीस, मशीन, सगळं एका मतदारासाठी. बातमी कौतुकाची. पण जरा विचार करा: त्या केंद्रावर मतदान एकतर १०० टक्के नाहीतर शून्य. आणि मशीन उघडलं की त्या मतदारानं कोणाला मत दिलं हे मोजणाऱ्या सगळ्यांना दिसतं. मतदार जितके कमी तितका गुप्ततेचा पडदा पातळ. एकाला तो उरतच नाही, तीनशेला असून नसल्यासारखा.

मतपत्रिकेच्या काळात पेट्यांतल्या मतपत्रिका मोजण्याआधी एकत्र मिसळता येत, म्हणजे कुठल्या गावानं काय केलं ते झाकलं जाई. मशीन आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा निघतो आणि केंद्रनिहाय निकाल जाहीर होतो. त्यावर उपाय म्हणून अनेक मशीनची मतं एकदम बेरीज करून दाखवणारं यंत्र, टोटलायझर, वापरावं असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं. विधी आयोगानं २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारनं ते मान्य केलं नाही, आणि मामला तिथेच राहिला. परिणाम असा की निकालाच्या दिवशी आमदाराच्या हातात गाववार तक्ता असतो. कोणत्या गावाला रस्ता द्यायचा आणि कोणत्या गावाला दोन वर्षं वाट बघायला लावायची, याचा विचार त्या तक्त्याशिवाय होत असेल असं मला तरी वाटत नाही.

या तक्त्यावरून काय होऊ शकतं ते २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीनं दाखवलं. माळशिरस मतदारसंघात राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे उत्तम जानकर जिंकले, भाजपचे राम सातपुते हरले. पण मारकडवाडीच्या आकड्यांत सातपुतेंना १,००३ आणि जानकरांना ८४३ मतं. जानकर समर्थक गावकऱ्यांना हे पटेना. ‘आमचं गाव असं मत देणारच नाही’, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिका छापून गावातल्या गावात पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले आणि ते मतदान झालं नाही. गावातल्याच दुसऱ्या बाजूनं सांगितलं की आम्ही सातपुतेंना मतं दिली आहेत, आकडा बरोबर आहे.

तेव्हा सगळी चर्चा मशीनवर झाली. माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे गेलं. ज्यांचा उमेदवार जिंकला त्यांनाच गावाचा आकडा खुपत होता, कारण आपल्या गावाचं मन आपल्याला पाठ आहे यावर त्यांची श्रद्धा होती. आमच्या दोनशेपानी वहीतही हीच श्रद्धा असते. निकालानंतर ती वही काढून बसलं की तीस-चाळीस मतं कुठे गेली ते सापडत नाही. ‘आपलं’ म्हणून खूण केलेल्या घरांनी चहा पाजला होता, शपथ घेतली होती, हळदीकुंकू लावलं होतं. आणि पडद्यामागे जाऊन दुसरंच बटण दाबलं होतं. गावाला याचा राग येतो. मला मात्र त्या तीस-चाळीस जणांचं मनातून कौतुक वाटतं.

शून्य मतदानाची गावं

२०२१ ला निवडणूक जाहीर झाली १४ हजार २३४ ग्रामपंचायतींची, मतदान झालं १२ हजार ७११ ठिकाणी. मधली बहुतेक गावं बिनविरोध झाली. म्हणजे तिथे मतदान शून्य. याला एकोपा म्हणायचा की आणखी काही, ते गावागणिक बदलतं. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी इथे सरपंचपदाचा चक्क लिलाव झाल्याचं उघड झालं. उमराण्याची बोली दोन कोटींच्या वर गेली होती. पैसा मंदिराला जाणार होता, म्हणून गावाला त्यात वावगं वाटलं नाही. आयोगानं दोन्ही निवडणुका रद्द केल्या.

उलट बाजूला हिवरे बाजार. पोपटराव पवारांच्या या गावात १९८९ पासून निवडणूक बिनविरोध होत आलेली. २०२१ ला तीस वर्षांत पहिल्यांदा विरोधात अर्ज आले, मतदान झालं, आणि सातही जागा पवारांच्या पॅनेलनं जिंकल्या. आदर्श गावात फूट पडली म्हणून काहींनी हळहळ व्यक्त केली. मला उलटं वाटतं. तीस वर्षं लोक आपल्यासोबत आहेत असं मानणं वेगळं, आणि एकदा मोजून बघणं वेगळं.

बहिष्कारही शून्यच दाखवतो. मेळघाटातल्या काही गावांनी २०२४ च्या लोकसभेला रस्ता-पाणी-विजेसाठी मतदान केलं नाही. तक्त्यात उमराण्यासारखं ठरवून निवडणूक टाळू पाहणारं गाव, हिवरे बाजारसारखं एका विचारानं चाललेलं गाव आणि मेळघाटातलं चिडलेलं गाव एकाच रकान्यात येऊन बसतात.

आमच्या खोलीत साडेपाचला दार लागलं तेव्हा माझ्या यादीत ३३ नावं रेघेवाचून होती. ३५२ पैकी ३१९, साडेनव्वद टक्के. मयत आणि सासरी गेलेल्या सोडल्या तर उरले १३. आठ जण सुरतेला आणि चाकणला, सुट्टी मिळाली नाही. चार जण फडावर, मुकादमानं सोडलं नाही. राहिला एक.

ते तात्या. गावातच होते. बोलेरो त्यांच्या मळ्यात दोनदा जाऊन आली. त्यांचे दोन सख्खे पुतणे एकाच जागेला समोरासमोर उभे होते, एक कपबशी, एक छत्री. तात्यांनी पहिल्या वेळी सांगितलं जनावरं पाजायची आहेत, दुसऱ्या वेळी सांगितलं गुडघा धरलाय. तिसऱ्यांदा गाडी गेली तेव्हा ते मळ्यात नव्हतेच.

कपबशी चार मतांनी पडली. हरलेला पुतण्या आजही पारावर बसून म्हणतो, ‘तात्या आले असते तर निकाल फिरला असता.’ चारात एक मिळवला तर काय होतं, हे त्याला कोणी सांगत नाही. जिंकलेला पुतण्याही तात्यांशी बोलत नाही.